ठेकेदार निवडायचाय? आधी त्याच्या साइटबाहेर चहा प्या

भांडुपला एलबीएस रोडलगत वडिलांचा जुना गाळा होता. तो पाडून खाली दुकानं, वर चार मजले ऑफिसं, असं आम्ही भावांनी ठरवलं. चार कोटेशनं आली. सगळ्यात खालचं कोटेशन पुढच्यापेक्षा १४ टक्क्यांनी कमी होतं. काका म्हणाले, "सिमेंट तेच, सळई तीच, मग जास्त कशाला मोजायचे?" आम्ही माना डोलावल्या, अ‍ॅडव्हान्स दिला, नारळ फोडला.

एप्रिलअखेर दुसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे खालचा साचा आणि टेकू, अर्धं लागलं होतं आणि एके सकाळी साइटवर वॉचमनशिवाय चिटपाखरू नाही. मुकादम सगळी माणसं घेऊन गावी, बंगालमध्ये मालद्याला निघून गेलेला. दोन महिन्यांची मजुरी थकली होती म्हणे. ठेकेदाराचा फोन आधी बिझी, मग बंद. जूनमध्ये पाऊस आला आणि कॉलममधून वर आलेल्या सळया आमच्या डोळ्यांदेखत गंजल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ठेकेदाराची बॅलन्सशीट बघा, जुनी कामं बघा, पण तो आपल्या माणसांना पैसे कधी देतो ते सगळ्यात आधी बघा. जो मजुराची खर्ची, म्हणजे हिशेबाआधी हातखर्चाला द्यायचे पैसे, थकवतो, तो उद्या सिमेंटवाल्याला थकवणार आणि परवा तुमच्या स्लॅबमध्ये हात आखडता घेणार.

दुसरा ठेकेदार शोधताना मी त्याच्या मुलुंडच्या चालू साइटवर न सांगता गेलो. आत नाही, बाहेरच्या टपरीवर. चहावाल्याला विचारलं, यांची उधारी किती तुंबते? "दर रविवारी चुकती." मुकादमालाही बोलतं केलं. खर्ची वेळेवर, हिशेब महिन्याच्या महिन्याला. बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार उपकर आपण मुकाट भरतो, पण आपल्याच साइटवरच्या किती जणांची कामगार कल्याण मंडळात नोंदणी झालीय, हे तरी कुठे विचारतो?

मग क्यूबचं रजिस्टर मागितलं. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी फोडून ताकद बघतात. आधीच्याच्या रजिस्टरमध्ये सगळे आकडे जुळ्या भावंडांसारखे होते. खरे ठोकळे असे फुटत नाहीत, थोडं वरखाली होतंच. ते रजिस्टर बघून आम्ही खूश झालो होतो, हे आठवलं की आजही लाज वाटते. नव्याच्या वहीत एका क्यूबची ताकद कमी भरली होती आणि पुढे काय केलं तेही लिहिलेलं होतं. मला ती वही आवडली.

आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाडीचं चलनही वाचायला शिका. त्यावर माल कधी मिसळला ती वेळ असते. दोन तासांत तो ओतला जायला हवा. एलबीएसवर गाडी अडकली की माल घट्ट होतो, आणि मग कुणीतरी पाइप लावून ड्रममध्ये पाणी मारतं. अशा वेळी गाडी परत पाठवायची धमक असलेला सुपरवायझर ज्याच्याकडे आहे, त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

काही जण म्हणतात, महारेरा आहे ना! अहो, महारेरा बिल्डर आणि गाळा घेणारा यांच्यासाठी. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधणाऱ्याचा आधार म्हणजे त्याचा करार. त्यात ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवायची रक्कम, घाला, आणि दोषदुरुस्तीची मुदत महिन्यांत लिहू नका, पावसाळ्यांत लिहा. आम्ही दोन लिहिले. गच्ची गळते की नाही ते मुंबईत जुलैशिवाय कळत नाही.

सही करायच्या आधी नव्या ठेकेदाराने शांतपणे विचारलं, "साहेब, आधीच्याचं शेवटचं बिल तुम्ही किती दिवसांत दिलंत?"

पंचेचाळीस. रेट आणखी थोडा पाडता येईल म्हणून दाबून ठेवलं होतं. त्याचे दोष त्याच्यापाशी, पण मजुरीचे दोन महिने थकले त्यातला दीड आमच्याकडेच अडकला होता.

आता करारात आमच्यासाठीही कलम आहे. बिल १५ दिवसांत, नाहीतर व्याज. काका अजून म्हणतात, हा ठेकेदार डोक्यावर बसलाय.