ओळख वाढवा, माणसं टाळा

संज्ञापनाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला? अभिनंदन. पुढची दोन वर्षं तुम्ही माणसं एकमेकांशी का बोलतात, कशी बोलतात आणि बोलता बोलता कुठे फसतात, याचा सखोल अभ्यास करणार आहात. या काळात एखाद्या माणसाशी खरोखरच बोलायची वेळ आली तर गांगरून जाऊ नका. त्यासाठी नेटवर्किंग नावाची सोय आहे.

या सोयीला पूर्वी वशिला म्हणत. वशिल्याची अडचण अशी, की तो आधीपासून कुठेतरी असावा लागे. कोणाचा तरी मामा मोठ्या जागेवर हवा, कोणाच्या तरी आत्याचे दीर ओळखीचे हवेत. नेटवर्किंगमध्ये मामा आपला आपण तयार करायचा असतो, अर्थात कामापुरता. शिवाय वशिला लावणारा माणूस खाली मान घालून लावायचा. आता तो मान वर करून, फोटोसकट लावतात.

मी या विद्येत पाच वर्षं घालवली आहेत, तेव्हा चार शब्द हक्काने सांगतो.

सुरुवात लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या संकेतस्थळापासून. ते 2003 साली सुरू झालं, म्हणजे तुम्ही आणि ते साधारण एकाच वयाचे. पण आत्मविश्वासात ते तुमच्या फार पुढे गेलंय. तिथे नावाखाली ‘विद्यार्थी’ असं चुकूनही लिहू नका. विद्यार्थी म्हणजे ज्याला अजून काही येत नाही असा माणूस, असा लोकांचा समज होतो. (तो बरोबर आहे, पण तो मुद्दा नाही.) ‘स्टोरीटेलर’ लिहा. ‘कम्युनिकेशन स्ट्रॅटेजिस्ट’ लिहा. विभागाच्या चर्चासत्राचं पत्रक तुम्ही तीन ग्रुपवर फॉरवर्ड केलं होतं ना? मग मल्टी-प्लॅटफॉर्म कॅम्पेन हाताळल्याचा अनुभव तुमच्यापाशी आहे.

आता माणसं जोडायला घ्या. रॉबिन डनबर या मानववंशशास्त्रज्ञाने 1992 मध्ये माकडं-वानरांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचं गणित मांडलं. त्यावरून माणसाला साधारण 150 नाती धड सांभाळता येत असावीत, असा अंदाज निघाला. लिंक्डइन मात्र एका माणसाला 30,000 जोडण्यांची मुभा देतं. म्हणजे 29,850 माणसं अशी, ज्यांना सांभाळण्याची अपेक्षा निसर्गाने तुमच्याकडून कधी केलेलीच नाही. या मोकळिकीचा पुरेपूर लाभ घ्या. कोण आहे, काय करतो, हे बघत बसाल तर दिवसाला पंचवीसचा कोटा पुरा व्हायचा नाही.

सोबतचा संदेश एकच असावा आणि तो सगळ्यांना चालावा. ‘आपल्या प्रवासाने प्रेरित झालो आहे. आपल्याशी जोडलं जायला आवडेल.’ यातला ‘प्रवास’ हा शब्द अतिशय गुणी आहे. मी तो एका गृहस्थांना पाठवला होता, ते अकरा वर्षं त्याच कचेरीत त्याच टेबलावर बसत होते. त्यांनीही आभारच मानले. तुम्हाला बर्जर आणि कॅलाब्रेझ यांचा 1975 चा सिद्धान्त पहिल्याच सेमिस्टरला असेल: दोन अनोळखी माणसं भेटली की समोरच्याविषयीची अनिश्चितता कमी करण्यासाठी ती एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. परीक्षेत लिहा, दहा गुण आहेत. संदेशात मात्र प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारला की उत्तर येतं, उत्तर आलं की ते वाचावं लागतं, आणि मग त्या माणसाचं काम नेमकं काय आहे हे कळून बसतं.

घरबसल्या एवढं जमलं की परिषद. नेटवर्किंगचं खरं रणांगण हेच. इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन 1950 पासून संज्ञापनाच्या अभ्यासकांना एकत्र आणते आहे, म्हणजे पाऊणशे वर्षं संवादाचे तज्ज्ञ एकमेकांना भेटताहेत. इतक्या वर्षांत हे लोक मधल्या सुट्टीत मोकळेपणाने गप्पा मारायला शिकले असतील, असं तुम्हाला वाटत असेल. जाऊन बघा. गळ्यात नावाचं कार्ड, एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाईल आणि त्यात काहीही न आलेलं. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये ज्याला फॅटिक बोलणं म्हटलं, म्हणजे माहिती देण्यासाठी नाही तर नुसती जवळीक राखण्यासाठी केलेल्या हवापाण्याच्या गप्पा, त्यावर त्या सभागृहात चाळीस निबंध वाचले जात असतात आणि बाहेरच्या व्हरांड्यात त्याची दोन वाक्यं कोणाला सुचत नाहीत.

तुम्हाला सुचायचं कारणच नाही, कारण तुमच्याकडे पाठ केलेलं भाषण असेल. तीस सेकंदांचं, लिफ्ट दोन मजले चढेपर्यंत संपणारं. ते आरशासमोर इतक्या वेळा म्हणा की समोरच्याने मध्ये तोंड उघडलं तर तुम्हाला पहिल्यापासून सुरू करावं लागेल. बोलताना नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवा. त्याच्याहून मोठं कोणी दारातून आत येत असेल तर ते हुकायला नको. त्याच्या लक्षात येईल का? येईल. पण त्याचीही नजर तुमच्या खांद्यावरूनच गेलेली असते, त्यामुळे कोणी कोणाला बोलत नाही.

भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत माइक आधी तुमच्या हातात आला पाहिजे. ‘प्रश्न असा नाही, पण एक निरीक्षण नोंदवतो’ अशी सुरुवात करा. आपलं नाव, विभाग, प्रबंधाचा विषय, त्या विषयाकडे आपण कसे वळलो हे सगळं सांगून झालं की वक्त्याकडे बघून थांबा. वक्ता ‘फार महत्त्वाचा मुद्दा आहे’ असं म्हणेल. हे वाक्य परिषदांच्या भाषेत ‘पुढे’ असं वाचतात. तुम्ही मात्र ते जसंच्या तसं घ्या आणि संध्याकाळी पोस्ट करा.

नंतर वक्त्याला गाठून हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं. इथे थोडा गृहपाठ लागतो, ही या विद्येची दुबळी बाजू आहे. मी एकदा एका नामवंत वृत्तनिवेदिकेला म्हणालो, ‘मॅडम, मी लहानपणापासून तुमच्या बातम्या ऐकतोय.’ त्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या निघाल्या. त्या हसल्या, पण ते हसू समाजशास्त्रज्ञ गॉफमनने 1959 मध्ये वर्णन केलेल्या रंगमंचावरचं होतं, जिथे चारचौघांत आपण सगळेच नटासारखे वागतो. विंगेत गेल्यावर त्या काय म्हणाल्या, ते मला त्यांच्या सहायकाच्या चेहऱ्यावरून कळलं.

यानंतर येते ती ‘फक्त पंधरा मिनिटं’ मागण्याची पायरी. नोकरी हवी आहे हे उघड बोलायचं नाही. ‘या क्षेत्राविषयी थोडं समजून घ्यायचं होतं’ म्हणायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं आपल्या भाषेला किती जुनं ठाऊक आहे! त्याचा आता रीतसर अभ्यासक्रम झाला, एवढंच. समोरच्याला भांडं दिसत असतं. तुमच्या पाठीमागे ते केवढं मोठं आहे हेही दिसत असतं. तरी तो पंधरा मिनिटं क्षेत्राविषयी बोलतो, तुम्ही पंधरा मिनिटं मान डोलावता, आणि शेवटी तो म्हणतो, ‘सीव्ही पाठवून ठेव.’ ठेव हे क्रियापद नीट ऐकत चला. ते पाठवण्याविषयी नसतं, ठेवण्याविषयी असतं.

उत्तर आलं नाही तर? धीर सोडू नका, विज्ञान तुमच्या बाजूने आहे. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा तो पत्रांचा प्रयोग तुम्ही ऐकलाच असेल, ओळखीच्याने ओळखीच्याकडे देत देत पत्र एका अनोळखी माणसापर्यंत पोचवायचं: कुठल्याही दोन माणसांमध्ये जेमतेम सहा पावलं, जग किती लहान वगैरे. ट्रॅव्हर्स आणि मिलग्रॅम यांनी 1969 मध्ये छापलेल्या निबंधात 296 जणांना पत्रांच्या साखळ्या सुरू करायला सांगितलं होतं, बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालाच्या दिशेने. त्यातल्या 64 पोचल्या. पोचलेल्यांमध्ये सरासरी पाचेक मध्यस्थ होते, आणि त्या आकड्यावर जगभर व्याख्यानं झाली. उरलेली 232 पत्रं वाटेत कोणाकोणाच्या टेबलावर राहिली, त्यांचं नाव कोणी काढत नाही. तुमचा सीव्ही त्या 232 च्या सहवासात आहे. चांगली संगत आहे.

शिफारसपत्राबद्दल जास्त सांगत नाही. ते अंतिम मुदतीच्या आदल्या रात्री मागावं, ज्यांच्या तासाला आपण बसलो नाही त्या प्राध्यापकांकडे मागावं, आणि मिळाल्यावर पुन्हा त्या मजल्यावर फिरकू नये. गरज सरो, वैद्य मरो.

आता खऱ्या शास्त्राकडे वळू. नेटवर्किंगच्या प्रत्येक कार्यशाळेत दुसऱ्या स्लाइडवर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर असतात, ‘विरळ नात्यांची ताकद’ सांगणारे. त्यांचा निबंध 1973 मध्ये आला. (त्याआधी 1969 मध्ये तो दुसऱ्या एका नियतकालिकाने साभार परत केला होता, प्रबंधाचं दुसरं प्रकरण लाल शाईने भरून परत आलेल्यांनी ही ओळ कापून ठेवावी.) बॉस्टनजवळच्या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्या ओळखीतून नोकरी लागली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले 16.7 टक्के. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे 27.8 टक्के. कारण साधं आहे. आपल्या घट्ट मित्रांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. बाहेरची खबर आणतो तो दूरचा माणूस.

यातून मी जो निष्कर्ष काढला तोच तुम्हीही काढा: नाती विरळ असणं एवढं फायद्याचं असेल तर आहेत ती घट्ट नाती विरळ करून घ्यावीत. मी माझे चार जिवलग मित्र दोन सेमिस्टरमध्ये अधूनमधूनच्या गटात आणले. एकाला तर थेट वर्षातून एकदाच्या खाली नेलं. त्यांच्यापैकी कोणीही मला अजून नोकरी दिलेली नाही, पण आकडेवारीनुसार शक्यता वाढलेली आहे.

इथे एक गैरसोयीची गोष्ट सांगतो आणि पटकन पुढे जातो. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरचाच एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. 2 कोटी वापरकर्ते, पाच वर्षं. ग्रॅनोव्हेटर मोठ्या प्रमाणात बरोबर ठरले, पण एक मेख निघाली. अगदीच विरळ ओळखीचा उपयोग पुन्हा कमी होत जातो. नोकरी बदलायला सर्वांत कामी येतात ते मधले लोक: काही सामाईक ओळखी असलेले, पण रोज न भेटणारे. म्हणजे 29,850 मधले बहुतेक बाद. आणि आत कोण? पुढच्या बॅचची ती मुलगी, जिने तुम्हाला एकदा संदर्भसूची कशी लावायची ते दाखवलं. ग्रंथालयात समोरच्या टेबलावर बसणारा. गटप्रकल्पात तुमच्या वाट्याला आलेला तो अबोल मुलगा. अशा माणसांना प्रेरणादायी प्रवास नसतो, नावाखाली पदनाम नसतं, त्यांच्यासोबतचा फोटो टाकला तर कोणी विचारत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना संदेशाचा साचा चालत नाही, कारण ते तुम्हाला ओळखतात. त्यांच्या नादी लागू नका.

विशेषतः एडिट रूममध्ये रेंगाळू नका. तिथे रात्री बारानंतर माणसं एकमेकांना कामापुरतं न राहता बोलायला लागतात. कोणी आपला कट दाखवतो, कोणी त्यातली चूक सांगतो, कोणाची एक्सपोर्ट अडकते तर सगळेच थांबतात. एकाही मिनिटाची कुठे नोंद होत नाही.

माझ्या बाबतीत एक अपवाद घडला, तो प्रामाणिकपणे सांगतो, पण तुम्ही तो धरू नका. दुसऱ्या वर्षी, प्रकल्पाच्या शूटच्या आदल्या रात्री, माझ्या गटातला असाच एक अबोल मुलगा कॉलरला लावायचा लेपल माइक हातात घेऊन बसला होता. बॅटरी गेलेली. माझ्या बॅगेत दोन जास्तीच्या होत्या, त्या मी दिल्या. दिल्या म्हणजे काय, तो माझ्या वाटेत बसला होता. पुढे तीन वर्षं आमचं बोलणं म्हणजे कधीतरी एखादा फोन, तोही बहुतेक चुकून लागलेला. माझ्या तेव्हा दोन हजार एकशे जोडण्या झाल्या होत्या आणि पंधरा मिनिटांच्या भेटी सतरा.

मग गेल्या वर्षी त्याचा फोन आला. त्यांच्याकडे पटकथेच्या टेबलावर एक जागा होती, अजून कुठे जाहीर झाली नव्हती. ‘तू येतोस का बघायला? त्या दिवशी तू बॅटऱ्या दिल्यास, आणि माझा आवाज चेक करायला दीड वाजेपर्यंत थांबलास. असा माणूस पाहिजे असं मी सांगितलंय.’ मी गेलो. जागा मिळाली. आज तिथेच बसून हे लिहितोय.

याला नेटवर्किंग म्हणता येत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. पद्धत नव्हती, भाषण नव्हतं, उद्दिष्ट नव्हतं. दीड वाजेपर्यंत मी का थांबलो होतो, तेही मला आठवत नाही. तरी व्यावसायिक शिस्त म्हणून, नोकरीचं पत्र हातात पडताच, मी त्याला लिंक्डइनवर शोधून रीतसर संदेश पाठवला: ‘आपल्या प्रवासाने प्रेरित झालो आहे. आपल्याशी जोडलं जायला आवडेल.’

तो दोन खुर्च्या पलीकडे बसतो. त्याने हेडफोन काढले, माझ्याकडे वळला आणि विचारलं, ‘बरं वाटतंय ना तुला?’