‘जर्मन भाषेत मुलगी म्हणजे वस्तू’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

माझी भाची जर्मन शिकतेय, ए-टूची, म्हणजे दुसऱ्या पातळीची परीक्षा तोंडावर आलीये, आणि नेमका आत्ता घरच्या ग्रुपवर तो फिरत असलेला मेसेज येऊन पडला. तो वाचून तिच्या आजीने तिला सरळ विचारलं, पोरीला वस्तू म्हणणाऱ्या लोकांत तुला जायचंय कशाला? ती बिचारी गप्प बसली, कारण तिच्या पुस्तकातही ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी या शब्दाला ‘दास’ लावलेलं आहे, म्हणजे नपुंसकलिंग, ते काही खोटं नाही. म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, कारण युरोपात मुलीला माणूस नाही तर वस्तू समजायचे, भाजीतल्या सलगमाला स्त्रीलिंगाचा मान आहे पण मुलीला नाही, इंग्रजांनी समानता मानली म्हणून त्यांनी भाषेतून लिंगच काढून टाकलं, आणि संस्कृतात मात्र सगळं शास्त्रशुद्ध, जे जसं आहे तसंच त्याचं लिंग.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त चीड आणणारा आहे, कारण उत्तर जर्मनच्या साध्या व्याकरणातच आहे. ‘मेडशेन’ हा मूळ शब्द नाही. ‘दी माग्ड’ हा जुना शब्द, आणि तो स्त्रीलिंगीच, त्याला ‘-शेन’ हा लहानपणा किंवा लाड दाखवणारा प्रत्यय लागलाय. हा प्रत्यय ज्याला लागेल तो शब्द नपुंसकलिंगी होतो, मग तो कुणीही असो. भाऊ ‘देअर ब्रूडर’, म्हणजे पुल्लिंगी, पण छोटा लाडका भाऊ ‘दास ब्रूडरशेन’. झाड पुल्लिंगी, झाडुकलं नपुंसकलिंगी. आणि ‘मान’ म्हणजे पुरुष, त्याला हाच प्रत्यय लावला की ‘दास मेनशेन’, तोही नपुंसकलिंगी! मग जर्मन लोक पुरुषालाही वस्तू समजतात असं म्हणणार का? उलट ‘दी पेर्झोन’ म्हणजे व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे, सहा फुटी मिशीवाला माणूस असला तरी व्याकरणात तो ‘दी’च.

आणि यासाठी जर्मनीपर्यंत जायची गरज काय, आपण घरात रोज काय बोलतो? ते लेकरू, ते वासरू, ते कोकरू, ते पिल्लू, ते पाखरू. मूल झालं, पोर रडलं. ‘गं माझं लेकरू’ म्हणणारी आई लेकराला वस्तू समजते का? छोट्याला, लाडक्याला नपुंसकलिंग ही सवय कितीतरी भाषांत आहे. चेकमध्ये ‘देव्चे’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, तसंच मांजराचं पिल्लू आणि कोंबडीचं पिल्लूही. डचमध्ये मुलीचा शब्द नपुंसकलिंगी आणि छोट्या मुलाचाही. आजच्या ग्रीकमध्ये तर मुलगी ‘तो कोरीत्सी’ आणि मुलगा ‘तो अगोरी’, दोघंही नपुंसकलिंगी. मेसेज लिहिणाऱ्याने यातला फक्त एक शब्द उचलला आणि वर द्वेषाचा अर्थ चिकटवला.

आता त्यातलं अर्धसत्य, तेवढं मला मान्य करावं लागतंय. जर्मन शाळेत नपुंसकलिंगाला ‘झेशलिश’ म्हणतात, आणि हा शब्द ‘झाखे’ म्हणजे वस्तू यावरूनच आलाय. म्हणजे जर्मन व्याकरणाचं पुस्तक मुलीचा शब्द ‘वस्तूविषयक’ खान्यात टाकतं हे अक्षरशः खरं आहे. पण खान्याला नाव काय द्यायचं हे व्याकरण लिहिणाऱ्यांनी ठरवलं, मुलीला ‘दास मेडशेन’ म्हणणाऱ्या आईबापांनी नाही, आणि शेजारच्या भाषांत तेच नाव बघितलं की हे लगेच कळतं. लॅटिनमध्ये ‘न्यूट्रम’, म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही, आणि तेही ग्रीक ‘ऊदेतेरोन’चं सरळ भाषांतर. रशियनमध्ये ‘स्रेदनी रोद’, म्हणजे मधली जात. पोलिश ‘नियाकी’, म्हणजे कुठल्याच प्रकारचं नाही असं. डच नावाचा अर्थ बाजू नसलेलं, डॅनिश नावाचा अर्थ काहीच लिंग नसलेलं. खाना तोच, नावं सगळी वेगळी. नावावरून समाजाचं मन वाचायचं असेल तर मग आपलं काय करायचं, आपल्या ‘नपुंसक’ या नावाचा अर्थ तर ‘पुरुष नसलेलं’ असा होतो आणि बोलताना तीच शिवी आहे. त्या मेसेजखाली एकाने लिहिलंच होतं की जर्मन लोक मुलीला नपुंसक म्हणतात. बारावीच्या पोरीने हे वाचायचं?

‘लिंग’ या शब्दानेच अर्धा घोळ केलाय. युरोपात या कल्पनेचं मूळ नाव ग्रीक ‘गेनोस’, म्हणजे प्रकार, जात, कूळ. लॅटिन ‘गेनुस’, फ्रेंच ‘झाँर’, रशियन ‘रोद’ सगळे त्याच अर्थाचे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या वक्तृत्वावरच्या ग्रंथात नोंदवलंय की प्रोटागोरास या ग्रीक विचारवंताने नामांचे प्रकार पाडले: पुरुषी, बायकी आणि तिसरा ‘स्केऊए’, म्हणजे भांडी-अवजारं. हे इ.स.पू. ५ व्या शतकातलं. म्हणजे वस्तू हे नाव जर्मनांच्याही आधीचं आहे, आणि ग्रीक व्याकरणकारांनी पुढे ते टाकून ‘एकही नाही’ हे नाव घेतलं. त्या खान्यात भांड्यांबरोबर मुलंबाळंही होतीच.

एक जागा मात्र अशी आहे जिथे खरंच प्रश्न विचारता येतो, आणि मेसेजवाल्याला ती माहीतच नाही. लक्झेंबर्गच्या भाषेत आणि जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या बोलींत बाईचं नुसतं पहिलं नाव घेतलं तर ते नपुंसकलिंगी होतं, ‘दात आना’ असं (‘दात’ म्हणजे तिथलं ‘दास’). आडनावाने, मानाने बोललं की स्त्रीलिंग. आपल्याकडे गोव्याच्या कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी आणि लहान मुलीला ‘तें’ म्हणतात, त्याच्या जवळचंच हे. यात जवळीक किती आणि बाईला धाकटं ठरवणं किती, यावर वाद घालायचा तर जरूर घालावा, तो खरा विषय आहे.

सलगमाचं म्हणाल तर तो मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाचा १८८० सालचा विनोद आहे. विनोदाचा पुरावा करू नका, बास.

इंग्रजीचं तर काहीही सांगितलंय. जुन्या इंग्रजीत तिन्ही लिंगं होती, आणि आजच्या ‘वुमन’चा पूर्वज ‘वीफमन’ चक्क पुल्लिंगी होता. साधारण ११ व्या ते १४ व्या शतकात शब्दांची शेपटं झिजली, त्यांच्याबरोबर लिंगही गेलं. तिथल्या बायकांना मतदान मिळालं १९१८ ला, तेही तिशीनंतर, आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ ला. फारसी आणि तुर्कीतही व्याकरणातलं लिंग नाही, म्हणून तिथल्या बायकांना आपोआप समान हक्क मिळाले असं झालेलं नाही.

राहिलं संस्कृत. त्याचा मान ठेवायचा तर निदान ते वाचा तरी. बायकोसाठी संस्कृतात ‘दार’ पुल्लिंगी आणि तोही अनेकवचनी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी. ‘मित्र’ नपुंसकलिंगी. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात, हाच प्रश्न घेतलाय: शरीराच्या खुणांवरून लिंग ठरवायचं म्हटलं तर खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी कसे? आणि निकालही तिथेच दिलाय, ‘लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वात्’, म्हणजे लिंग नियम करून शिकवायची गोष्टच नाही, लोक जसं बोलतात तसं ते असतं.