उंचीवरचा दम डबीत मिळत नाही

डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती जवळ आल्या की धावणाऱ्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरू लागतो. म्हणणं थोडक्यात असं: उंचीवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, तेव्हा १५ दिवस आधीपासून क्लोरोफिलचे थेंब, लोहाची गोळी आणि बीटाची पावडर घ्या, रक्तात ऑक्सिजन साठतो, वर जाऊन सरावायची गरज उरत नाही, आणि डोकं दुखलंच तर डोस दुप्पट करा.

सुरुवातच चुकीची. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण समुद्रकाठी जेवढं, तेवढंच शिखरावर, जवळपास २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. ३,००० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो, ५,५०० मीटरवर निम्मा. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो या दाबाच्या जोरावर, आणि तो जोर कुठल्याही पावडरीने वाढत नाही. १९६८चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत, २,२४० मीटरवर झालं. १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमूने २९ मिनिटे २७ सेकंदांत जिंकली. तेव्हाचा विश्वविक्रम होता २७ मिनिटे ३९ सेकंदांचा. तो ज्याच्या नावावर होता तो रॉन क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. उंच मुलखात वाढलेला तेमूसुद्धा विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून जास्त मागे होता!

‘रक्तात ऑक्सिजन साठतो’ हे तर धादांत खोटं. क्लोरोफिलच्या जोरावर ऑक्सिजन तयार होतो तो उजेडात, पानाच्या जिवंत पेशीत. आतड्यात उजेड पोचत नाही. याच जातीचं दुसरं खूळ म्हणजे ऑक्सिजन भरलेलं पाणी. साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ६ मिलिलिटर असतो. दाबाखाली दहापट भरला, तर ६०. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर वापरतो. म्हणजे लिटरभर पाणी पिऊन पंधरा सेकंदांचीही सोय नाही, तीसुद्धा सगळा ऑक्सिजन आतड्यातून शोषला गेला असं धरून.

लोहाचं मात्र तसं नाही, आणि मेसेज पटतो तो बहुधा याच मुद्द्यामुळे. उंचीवर गेल्यावर काही तासांतच मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडू लागतात आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायचा हुकूम सुटतो. कच्चा माल म्हणून लोह लागतं. साठा रिकामा असेल, तर आठवडेच्या आठवडे वर राहूनही पेशी वाढत नाहीत. म्हणून निघण्याच्या महिना-दीड महिना आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून घेणं आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करणं शहाणपणाचं. (गोळीबरोबर चहा-कॉफी नको, शोषण घटतं.) पण साठा पुरेसा असताना वरून लोह ओतून काही मिळत नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराकडे धड सोय नाही. ते यकृतात साचतं. काही जण वर पोचून तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त तपासतात, हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला दिसतो आणि गोळीचा जयजयकार होतो. प्रत्यक्षात तोवर रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, आटलेला असतो. पेशी बऱ्याच अंशी तेवढ्याच, फक्त रक्त दाट. खरी वाढ दिसायला दोन-तीन आठवडे जातात.

बीटाबद्दल मी इतका कडक होणार नाही. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जंतू नायट्राइट करतात, पुढे त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि तेवढ्याच कामाला ऑक्सिजन थोडा कमी लागू शकतो. विरळ हवेतल्या काही चाचण्यांत हौशी खेळाडूंना याचा थोडा फायदा दिसला, काहींत अजिबात नाही. कसलेल्या खेळाडूंच्या बाबतीत तर निकाल आणखी फिके आहेत. घ्यायचंच तर शर्यतीच्या दोन-तीन तास आधी घ्या, आणि त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरू नका. ते जंतूच मेले तर पुढचं सगळं अडतं.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, घुसडलेला असतो. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेपाळमधल्या सहाशेहून अधिक ट्रेकर्सवरची चाचणी छापून आली. उंचीचा आजार गिंको घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना झाला, नुसती लुटुपुटूची गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना. विषय संपला.

राहिलं ‘सरावायची गरज नाही’. सरावणं म्हणजे श्वास वाढणं, त्यामुळे बिघडलेला रक्ताचा आम्ल-अल्कली तोल मूत्रपिंडांनी सावरणं आणि मग पेशी वाढणं. यातलं पहिलं तासांत होतं, दुसऱ्याला दिवस लागतात, तिसऱ्याला आठवडे, आणि त्यासाठी शरीर वर असावं लागतं. म्हणून ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा संकेत आहे.

डोस दुप्पट करायचा सल्ला सगळ्यात घातक. वर गेल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, तर तो उंचीचा आजार समजून तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, सरळ रेषेत चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर रात्र असली तरी सोबत घेऊन लगेच खाली उतरायचं.