पृथ्वीच्या हातांबद्दल मला कधीच शंका नव्हती

मी विरारचा. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये किट बॅग घेऊन चढणाऱ्या पोरावर अख्खा डबा वैतागलेला असतो. बॅग रॅकवर मावत नाही, खाली ठेवली की पायात येते, आणि अंधेरीपर्यंत पोरगं बोलणी खात उभं. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉने आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात ५४६ धावा केल्या. वय चौदा. त्यानंतरच्या आठवड्यात मी डब्यातली माणसं स्वतःहून सरकून अशा एका बॅगेला जागा देताना पाहिली. एक काका त्या मुलाला विचारत होते, "तू ओळखतोस का रे त्याला?" मुलगा ओळखत नव्हता, तरी लाजून हसला.

म्हणून "वाया गेला तो", "डोक्यात हवा गेली", "चीज केलं नाही" असं कोणी सहज बोलून जातं तेव्हा मला लागतं. पृथ्वी चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. वडील त्याला विरारहून वांद्र्याला सरावाला घेऊन जायचे. घरचा मुलगा वाटतो तो आम्हाला, आणि घरच्या मुलाबद्दल खरं ते बोलायचं असतं.

खरं हे की त्याच्या हातांत जे आहे ते आजही तसंच आहे. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली १९ वर्षांखालील विश्वचषक, आणि त्याच वर्षी राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १५४ चेंडूंत १३४. कसोटी पदार्पणात शतक करणारा सर्वात लहान भारतीय. हे नशिबाने होत नाही.

गोची आहे ती पायांची. त्याची बॅट उंच उचलली जाते आणि गलीच्या बाजूने, म्हणजे सरळ न येता बाहेरून तिरकी खाली येते. चेंडू जरा बाहेर मिळाला की पॉइंटमधून चौकार, क्षेत्ररक्षक हललेलाही नसतो. पण टप्पा पडून चेंडू आत आला की पुढचा पाय जागेवरच, आणि बॅट-पॅडमध्ये फट. १७ डिसेंबर २०२०, ऑस्ट्रेलियाविरुद्ध अ‍ॅडलेडची कसोटी. साडेनऊला चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो. स्टार्कचा दुसराच चेंडू, आतली कड, यष्ट्या उडाल्या. कप हातातच राहिला. कॉमेंट्रीत रिकी पाँटिंगने काही क्षण आधी नेमकं हेच सांगितलं होतं, आणि आयपीएलमधल्या दिल्लीच्या संघात पाँटिंगच त्याचा प्रशिक्षक होता. म्हणजे खोट सगळ्यांना माहीत होती. दुसऱ्या डावात कमिन्सने पुन्हा ४ वर त्रिफळा उडवला. त्यानंतर पृथ्वी आजपर्यंत कसोटी खेळलेला नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या लगेच नंतरचं. मुंबईत परतून त्याने प्रशिक्षक प्रवीण आमरे यांच्याबरोबर तंत्रावर काम केलं आणि विजय हजारे या देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेत ८२७ धावा काढल्या, चार शतकं. म्हणजे खोट जाते. मेहनत घेतली की जाते. पुढे २०२३ च्या जानेवारीत गुवाहाटीला रणजीत आसामविरुद्ध ३७९ धावा. पण ती मेहनत रोज, वर्षभर, कोणी बघत नसताना घ्यावी लागते, आणि तिथे तो कमी पडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने रणजी संघातून वगळलं, पाठोपाठ आयपीएल लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. दुखापतींनी छळलं हे मान्य, पण फिटनेसचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकणार नाही.

आपलाही वाटा आहे यात. चौदा वर्षांच्या पोराला आपण "पुढचा सचिन" करून टाकलं. शाळकरी पोराने इतकं ओझं वाहायचं कसं?

आता तो महाराष्ट्राकडून खेळतो, आणि मला हे फार चांगलं वाटतं. रणजीतली सर्वोच्च खेळी याच संघाच्या भाऊसाहेब निंबाळकरांची, पुण्यात १९४८ मध्ये केलेल्या नाबाद ४४३. त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. पृथ्वीची ३७९ त्या यादीत दुसरी. त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये अंकित बावणे आहे, ज्याने भारताची टोपी न मिळताही वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी धावा काढल्या. अशा माणसाशेजारी बसून पॅड बांधण्यात खूप शिकण्यासारखं आहे.

आणि वय? नोव्हेंबर १९९९ चा जन्म. सूर्यकुमार भारताकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा तिशीत होता. रोहितला तर "टॅलेंट" हा शब्द लोक टोमण्यासारखा मारायचे. कसोटीत सलामीला आला बत्तिसाव्या वर्षी आणि पहिल्याच सामन्यात दोन्ही डावांत शतक. म्हणून मी म्हणतो, पृथ्वीचं अजून होऊ शकतं. आयपीएलच्या चाळीस चेंडूंतून मात्र नाही. चार दिवसांच्या क्रिकेटमधून, सकाळच्या ओल्या खेळपट्टीवर.

चंदीगडविरुद्ध ऑक्टोबर २०२५ मध्ये १५६ चेंडूंत २२२ केल्या त्याची सगळीकडे चर्चा झाली. मला त्याआधीचा तिरुवनंतपुरमचा सामना जास्त आठवतो. केरळविरुद्ध महाराष्ट्राकडून पहिलाच रणजी डाव, पहिल्याच षटकात पायचीत, शून्य. पुन्हा तोच आत येणारा चेंडू असणार, असं वाटून मी ऑफिसात फोन उलटा ठेवला. दुसऱ्या डावात त्याने ७५ केल्या. तो डाव मी जेवणाचा डबा तसाच ठेवून, स्कोअर परत परत बघत काढला.

पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर महाराष्ट्राचा पुढचा रणजी सामना लागला की मी रजा टाकून आदल्या रात्रीच पुणे गाठणार आहे. त्याचे पहिले वीस चेंडू मला साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजामागच्या पडद्याच्या बाजूने बघायचे आहेत. पुढचा पाय कुठे पडतो ते तिथून नीट दिसतं.