नेत्याला नाव कसं ठेवावं

मोर्चा काढायचं ठरलंय? मग मागण्यांचं निवेदन सध्या बाजूला ठेवा. आधी नेत्याला नाव ठेवा.

नाव दोन-तीन अक्षरी हवं, ढोलकीच्या ठेक्यात बसणारं. हमीभाव, पीकविमा, थकीत मानधन हे घोषणेत कोंबून बघा, पहिल्याच चौकात घसा बसतो. सुरुवात दिसण्यावरून करावी. धोरणावर बोलायचं तर धोरण वाचावं लागतं. पोट आणि टक्कल लांबूनही दिसतं. नेता बाई असेल तर काम आणखीच सोपं, तिच्या धोरणापर्यंत पोचायची वेळ आपल्यावर सहसा येतच नाही.

इतिहास मात्र चाळू नका, उगाच हात आखडतो. लोहियांनी इंदिरा गांधींना 'गूंगी गुडिया' म्हटलं. १९७१ साली त्याच बाहुलीने लोकसभेच्या ३५२ जागा आणल्या. १९७६ मध्ये सोव्हिएत लष्कराच्या वृत्तपत्राने थॅचरबाईंना हिणवायला 'आयर्न लेडी' म्हटलं, तर आठवड्याभरात बाई ते बिरुद भाषणात मिरवून मोकळ्या. २०१९ मध्ये 'चौकीदार चोर है'चा गजर झाला आणि पलीकडचे मंत्री ट्विटरवर नावाआधी 'चौकीदार' लावून बसले.

'पन्नास खोके, एकदम ओके' खूप गाजलं, मान्य. पण त्यात आरोप होता. त्या वाटेला जाऊच नका. आरोप केला की लोक पुरावा मागतात. टकलाला पुरावा लागत नाही.

आणखी एक पथ्य. नाव रस्त्यावरच ठेवा, सभागृहात नेऊ नका. २०२१ मध्ये पंतप्रधान राज्यसभेत 'आंदोलनजीवी' म्हणाले, ते खपलं. पुढच्याच वर्षी 'जुमलाजीवी' हा शब्द असंसदीय शब्दांच्या पुस्तिकेत दिसला. (शब्दांवर बंदी नाही, असा खुलासा लोकसभा अध्यक्षांनी केला. बरं झालं, आपण घाबरलोच होतो.)

आझाद मैदानात चॅनेलवाला माइक पुढे करून विचारेल, "तुमची नेमकी मागणी काय?" गडबडून जायचं कारण नाही. नाव पुन्हा घ्या, जरा जोरात. मागची पोरं शिट्ट्या मारतील आणि त्याची बातमी होऊन जाईल.

फक्त ते नाव फ्लेक्सवर छापू नका, फळ्यावर खडूने लिहा. आपल्याकडे कोण कोणाबरोबर शपथ घेईल, हे पहाटेपर्यंत सांगता येत नाही. उद्या तोच नेता तुमच्या पक्षात आला की हार घेऊन तुम्हालाच उभं करतील. तेव्हा ठेका तोच ठेवा, "साहेब, तुम आगे बढो" त्यात अगदी चपखल बसतं.