‘आरोग्य केंद्रांचा पैसा पडून असतो, मग वाढवायचा कशाला?’ या दाव्याला उत्तर

मार्चअखेर हा दावा हमखास फिरतो: आरोग्य केंद्रांच्या बांधकामाचा निधी खर्चच होत नाही, म्हणजे पैसा भरपूर आहे, वाढवून मागू नका. निधी अखर्चित राहतो, हे बरेचदा खरं असतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो ग्रामीण रुग्णांच्या मुळावर येतो.

‘अखर्चित म्हणजे शिल्लक.’ नाही. प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) हे टप्पे होईपर्यंत पावसाळा लागतो. पायाचं खोदकाम ऑक्टोबरात सुरू झालं, तर मार्चपर्यंत जोतं किंवा पहिला स्लॅब होतो. ठेकेदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीत, नोंदलेल्या कामाचेच. उरलेली रक्कम कागदावर अखर्चित दिसते, पण ती त्याच इमारतीच्या पुढच्या देयकांसाठी बांधलेली असते. याला दायित्व म्हणतात, आणि फिरणाऱ्या आकड्यात ते कधीच वजा केलेलं नसतं.

शिवाय पैसा हप्त्यांनी येतो. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी (ज्यांचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात) १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या एकल नोडल खात्याच्या, म्हणजे राज्यात एका योजनेसाठी एकच बँक खातं ठेवण्याच्या पद्धतीत केंद्र एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम सोडत नव्हतं. आधी मिळालेल्यापैकी ७५ टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नव्हता, आणि त्यात राज्याचा हिस्साही धरला जायचा. हा हिशेब राज्याचा एकत्र व्हायचा. त्यामुळे काही जिल्ह्यांत कामं अडली, तर ज्या जिल्ह्यात काम जोरात आहे त्याचंही देयक थांबायचं.

‘हजारो कोटी दिलेत की!’ पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. १४० कोटी लोक आणि पाच वर्षं धरून भागा: माणशी वर्षाला साधारण १०० रुपये. त्यातही स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामीण केंद्रांसाठी ७,१६७ कोटीच होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते गाठलेलं नाही.

‘बांधलेल्या इमारतीही बंदच असतात.’ काही असतात, पण तो पुरावा निधी कमी पडल्याचा आहे. अंदाजपत्रकात मुख्य इमारत असते. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), कूपनलिका, पोचरस्ता, सांडपाण्याची व्यवस्था, जैववैद्यकीय कचऱ्याची खोली यांपैकी काहीतरी गळतं. वीजजोडणी नाही म्हणून लस साठवायचा शीतपेटीचा कक्ष चालत नाही आणि इमारतीचं हस्तांतरण रखडतं. मग वाढीव प्रशासकीय मान्यतेची फाईल फिरते. तोवर दरसूची, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांची यादी, बदललेली असते. जुलै २०२२ मध्ये बहुतेक सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा आधीच्या मंजूर रकमेत बसलेली कामं एका फटक्यात तोकडी पडली.

त्याहून मोठी अडचण पदांची. सहा खाटांचं प्राथमिक आरोग्य केंद्र ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात श्रेणीवर्धित करायचं, तर स्त्रीरोग, बालरोग, भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ सगळे लागतात. बांधकाम भांडवली खर्चातून (टिकाऊ मालमत्तेवरचा) होतं, पगार महसुली खर्चातून (रोजच्या कारभारावरचा). पदनिर्मितीची फाईल वेगळी, ती वित्त विभागात जाते. ती बांधकामाबरोबरच पाठवली नाही, तर इमारत आधी उभी राहते आणि कर्मचारी नंतर कधीतरी येतात.

‘जुन्याच इमारती दुरुस्त करा, स्वस्त पडेल.’ संरचनात्मक तपासणीचा अहवाल तसं म्हणत असेल, तर जरूर करा. स्लॅबमधल्या सळया गंजून फुगल्या असतील, तर गिलावा आणि रंग म्हणजे पैसे पाण्यात.

खरोखर पडून राहणारा पैसाही असतो, आणि त्याचं नेहमीचं कारण जागा. सातबारा जिल्हा परिषदेच्या नावावर नसताना काम मंजूर होतं आणि वर्षानुवर्षं अडकतं. म्हणून अखर्चित आकडा पुढे पाठवण्याआधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि बांधकाम विभागाला प्रत्येक कामाबद्दल विचारा: जागा कुणाच्या नावावर, निधी कोणत्या तारखेला जमा झाला, कार्यारंभ आदेश कधीचा, दायित्व किती, पदं मंजूर आहेत का.