नियमातही थोडी माया ठेवा

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात शाळेच्या वयाचं मूल आहे त्यांनी तरी वेळ काढून वाचावी, ही विनंती.

मागच्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास दारात एक मॅडम आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, उन्हानं चेहरा लालबुंद झालेला. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. मी घरीच शिलाईचं काम करते, मशीन पुढच्या खोलीत आहे. माझी अकरा वर्षांची लेक चटईवर बसून जुन्या साडीच्या तुकड्यावर खडूनं रेघा आखत होती. गळ्यात टेप.

मॅडमनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, ही शाळेत जात नाही का?"

"नाही मॅडम, आम्ही घरीच शिकवतो."

"शिलाईकाम करते का ही?"

माझी कानशिलं तापली. पण रात्री आडवी झाल्यावर विचार केला आणि वाटलं, बाईंनी विचारलं ते अगदी बरोबर होतं. वार बुधवार, शाळेची वेळ, अकरा वर्षांची पोर, गळ्यात टेप. हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर त्यांचं काम त्या करत नाहीत असं मीच म्हटलं असतं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी फाईल उघडली. मूल शाळेत का नाही, त्याची कारणं छापलेली होती. स्थलांतर, घरकाम, लहान भावंडं सांभाळणं, आजारपण, मजुरी. पेन वरून खाली, खालून वर फिरलं. "तुमचं कशात लिहू?" मी म्हटलं, पालक घरी शिकवतात असं लिहा. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही हो. मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून म्हणाल्या, "आमच्याकडं नाव टाकून ठेवा ना. रोज नाही आली तरी मी सांभाळून घेते."

असं सांगणाऱ्या त्या पहिल्या नाहीत. गेल्या तीन वर्षांत मला हा सल्ला शेजाऱ्यांनी दिला, नातेवाइकांनी दिला, एका कार्यालयातल्या साहेबांनीही दिला. कागदावर दाखवा आणि घरी शिकवा. मी दरवेळी नाही म्हणते. हजेरीच्या वहीत लेकीच्या नावापुढं रोज खोटी खूण पडणार, आणि तिला मी खरं बोल म्हणून शिकवणार, हे मला जमायचं नाही.

आता तिला शाळेतून का काढली, ते सांगते. शाळेवर राग नव्हता, अजूनही नाही. ती तिसरीत होती. अक्षरं ओळखायची, पण शब्दाला शब्द जोडताना अडायची. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या मुलानं अनोळखी उतारा मिनिटाला किमान साठ शब्दांच्या वेगानं, समजून वाचावा असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. तिसरी संपेपर्यंत वाचता न येणारी लाखो मुलं पुढं ढकलली गेली, म्हणूनच ते ठेवावं लागलं. पण आमच्याकडं ते पोचलं ते मोबाईलमधल्या घड्याळाच्या रूपानं. बाकावर उभं राहून वाचायचं, बाई आकडा सांगणार, आकडा वहीत जाणार. दिवाळीपर्यंत रोज सकाळी पोरीच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. घड्याळ बघितलं की तिचे ओठ हलायचे आणि आवाज फुटायचा नाही. बाईंशी बोलले, तर त्यांच्याही मागं घड्याळ लागलेलंच होतं. आकडे वर पाठवायचे होते.

घरी आल्यावर पहिले चार महिने मी तिला पुस्तकाला हात लावायला सांगितलं नाही. सासूबाई चिडल्या, हेही काळजीत होते. माझ्याकडं शिवायला आलेल्या प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी टाचलेली असते. नाव, काय शिवायचं, कधी द्यायचं. 'कदम काकू, दोन ब्लाउज, गुरुवार.' 'पेटीकोट, फॉल-पिको.' ती त्या पिशव्या वारानुसार लावायला लागली. आधी रंगावरून ओळखायची, मग चिठ्ठीवरून. साडेनऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी तिनं आजीला पेपरमधली बिबट्याची बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. मी मशीन थांबवून ऐकत होते. मिनिटाला किती शब्द झाले ते मला माहीत नाही. तिसरीच्या मापानं ती दीड वर्ष मागं होती. आज ती वाचनालयाचं पुस्तक दोन दिवसांत परत करते.

अपूर्णांक मात्र तिला शाळेच्या आधी आले. छाती चौतीस, तर चौथा भाग साडेआठ. त्यावर शिलाईची माया दीड इंच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे तिच्या बोटांवर आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यातून आम्ही धडे घेतो, पण क्रम तिचा असतो. गणितात ती सहावीचं करते, इंग्रजीत चौथीचं. सांगा, तिला कुठल्या इयत्तेत बसवाल?

इथं एक सांगितलंच पाहिजे. शिकणं आणि राबणं यांतली रेघ फार बारीक आहे, आणि माझ्यासारख्या घरात तर जास्तच. म्हणून आम्ही घरात नियम केलाय, गिऱ्हाइकाच्या कपड्याला तिनं हात लावायचा नाही. एक हूकसुद्धा नाही. ती करते ते जुन्या कापडावर, स्वतःच्या बाहुलीसाठी. पण हा नियम मी पाळते की नाही हे बघायला कुणी यायला नको का? मला वाटतं, यायलाच हवं.

यावर घरी शिकवणाऱ्या आमच्यातल्याच काही पालकांचं आणि माझं पटत नाही. ते म्हणतात, माझं मूल, माझा निर्णय, सरकारचा काय संबंध? मला हे मान्य नाही. मूल म्हणजे आपली मालमत्ता नव्हे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढं निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा असं सांगितलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया! ही सक्ती नसती तर आमच्या घरातल्या किती बायका अंगठाबहाद्दर राहिल्या असत्या, ते मला मोजून सांगता येईल. त्या सक्तीला धक्का लागावा असं माझ्या मनातही नाही. उद्या कुणी 'आम्ही घरी शिकवतो' म्हणून पोरीला धुण्याभांड्यांना जुंपलं, तर त्याला आडोसा मिळायला नको.

माझं दुखणं वेगळं आहे. कायदा आमच्याबद्दल बोलतच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या दहाव्या कलमात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. न केल्यास पालकाला शिक्षा काय, ते त्या कायद्यात नाही. घरी शिकवता येईल असं लिहिलेलं नाही, येणार नाही असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीत तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला, आणि तो फार गरजेचा होता. म्हणजे घरी झालेलं शिक्षण हेही शिक्षण असतं, हे कायद्यालाही मान्य आहे. पण बाकीच्यांसाठी तोंड बंद. कायदा गप्प राहिला की टेबलामागचा माणूस सांगेल तोच कायदा होतो. एका टेबलावर 'काही अडचण नाही ताई' आणि दुसऱ्यावर 'तुमच्यावर केस होऊ शकते'. दोन्ही वाक्यं मी एकाच आठवड्यात ऐकली आहेत.

आणि आता सगळं एका साच्यात येत चाललंय. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला, मग राज्याचा आला. पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आल्या. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी 'अपार' क्रमांक, तो निघतो शाळेमार्फत, यूडायस म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या नोंदीवरून. आमच्या लेकीची नोंदच नाही, तर क्रमांक कुठला? आज काही अडत नाही. उद्या प्रत्येक फॉर्मवर लाल फुली मारून तो क्रमांक मागितला की अडणार. शालेय क्रीडा स्पर्धांचं तर आत्ताच अडलंय. ती बरी पळते, पण प्रवेशिका शाळेकडूनच जाते.

शिवाय हा साचा पक्का तरी आहे का? पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, हा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. रद्द झाले ते चांगलंच झालं, मराठी माणूस उभा राहिला म्हणून झाले. पण अडीच महिन्यांत सरकार आपलं माप तीनदा बदलू शकतं, तर एका पोरीला वाचायला दीड वर्ष जास्त लागलं यात एवढं काय बिघडलं?

वाट अजिबात नाही असंही नाही, नव्या पालकांसाठी मुद्दाम लिहिते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही, आणि विषय सुटे सुटे सोडवता येतात. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवीच्या परीक्षा घेतं. बाहेरून दहावी-बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीत आहे. खुद्द २०२० च्या धोरणातच मुक्त शाळांनी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे तीन टप्पे द्यावेत असं म्हटलंय. माझं सगळं म्हणणं याच ओळीवर उभं आहे. मुलाला तीन टप्प्यांवर तपासा, कडक तपासा. मधली वर्षं मोकळी सोडा.

शिवणारीला माया म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. वाढत्या अंगाच्या पोरीचा फ्रॉक बेतताना आत दोन इंच कापड जास्त ठेवायचं. बाहेरून दिसत नाही, माप बिघडत नाही, आणि वर्षानं उसवून सोडता येतं. माया न ठेवता कापलेलं कापड पुढं कुणालाच वाढवता येत नाही, कितीही चांगली शिवणारी असू दे. राष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्यांकडं मी एवढंच मागतेय.

म्हणून शिक्षण आयुक्तालयाला पत्र लिहायला घेतलंय. मागणी अशी की सर्वेक्षणात आमच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. त्यात नोंद झालेल्या घरी बालरक्षकांनी, म्हणजे शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या शिक्षकांनी, किंवा आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी वर्षातून दोनदा यावं, मुलाशी एकट्याशी बोलावं, वह्या बघाव्यात, आणि मूल राबतंय असं वाटलं तर बेधडक कारवाई करावी. मुलाला जवळच्या शाळेशी जोडून घ्यावं, म्हणजे खेळता येईल, प्रयोगशाळा वापरता येईल आणि क्रमांकही मिळेल. हजेरी मात्र खोटी लागणार नाही.

त्या मॅडम परवा पुन्हा आल्या होत्या, फाईल पूर्ण करायला. लेकीला जवळ बसवून त्यांनी अर्धा तास गप्पा मारल्या. पुस्तक वाचून घेतलं, घड्याळ लावलं नाही. जाताना म्हणाल्या, "पत्र लिहिताय तर रकाना कसा हवा तेही काढून द्या. वरच्यांना दाखवायला बरं पडतं."

मग लेकीनं माझी लाकडी पट्टी घेऊन कागदावर तो आखला. नाव, वय, घरी कोण शिकवतं, सध्या काय शिकते, शेवटची भेट कधी. शेवटचा चौकोन तिनं बराच मोठा ठेवलाय आणि त्याच्यावर लिहिलंय, 'मुलाला काय सांगायचं आहे'. कागद पत्राला जोडलाय. सह्या करायच्या असतील त्यांनी कॉमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, सोमवारी टपालात टाकायचंय.